मारुती उजवा घालून

आमच्या वेळनेरात दगडांना वाचा फुटली, त्या वर्षी गावातली निम्मी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. मी नगरपालिकेच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. कोण कोणाशी बोलत नाही हे मला वर्तमानपत्रांच्या टेबलावरून कळतं. वर्षानुवर्षं शेजारी बसणारे दोघं एकाएकी टेबलाच्या दोन टोकांना बसायला लागले, की समजायचं, यांच्या घरी कवडसा येऊन गेला.

कवडसा हे उपकरणाचं नाव. इस्त्रीएवढं, खालच्या बाजूला काळी रबरी झालर. दगडाच्या फटीत त्याची पट्टी सरकवायची, झालर दाबून धरायची, मिनिटभर थांबायचं. दगडाच्या आतल्या अंगाला शेवटचं ऊन कधी लागलं ती तारीख पडद्यावर येते. माझी मुलगी ऋतुजा पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथेच ते तयार झालं. त्यामुळे त्यामागचं शास्त्र मला चार वेळा समजावून सांगण्यात आलं आहे. चौथ्यांदा ते कळलं.

दगडाच्या कणांत बारीक दोष असतात, खळगे म्हणा हवं तर. मातीतला आणि दगडातला नैसर्गिक किरणोत्सार इलेक्ट्रॉन सुटे करत राहतो आणि ते या खळग्यांत अडकून बसतात. अंधार जितका जुना तितका साठा मोठा. दगड उन्हात आला की काही मिनिटांत खळगे रिकामे होतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. एवढं गेल्या शतकातच माहीत झालं होतं. पण ते तंत्र गारगोटीच्या कणांवर चाले, आणि आपल्या काळ्या दगडात गारगोटी जवळपास नसतेच. त्यात असतो फेल्डस्पार. त्याचे खळगे गळके, साठलेलं आपोआप झिरपून जातं. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या वाटेला जात नसत. ऋतुजाच्या गटाने नेमकं ते गळणंच मोजायला घेतलं. हंडा गळका असला, तरी तो कसा गळतो हे नीट माहीत असेल, तर किती उरलं यावरून कधी भरला ते सांगता येतं. नवा साठा भराभर गळतो, जुना सावकाश. या दोन वेगांच्या तुलनेतून अलीकडच्या वीसेक वर्षांसाठी तारीख एका दिवसापर्यंत अचूक मिळायला लागली. अट एकच. दगड हलवायच्या आधी वाचायचा. एकदा ऊन लागलं की जुनं पुसलं.

शोध इतिहासासाठी होता. पण गावाला इतिहास म्हणजे शेजाऱ्याचा हवा असतो. वरच्या आळीतला ‘पांडवकालीन’ ओटा बहात्तरच्या दुष्काळी कामातला निघाला, तोवर सगळे हसले. मग भालेराव बंधूंनी आईच्या जात्याखालची फरशी वाचली. आईच्या पाटल्या तिथे पुरलेल्या असायच्या, त्या मिळाल्या नव्हत्या, आणि फरशीला कुणी हात लावलेला नाही असं थोरल्याने देवापुढे सांगितलं होतं. फरशीने आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख दाखवली. तेव्हापासून थोरले भालेराव वाचनालयात येत नाहीत.

हे सगळं नंतरचं. गावात सगळ्यात आधी वाचला गेला तो माझा दगड. तो तटावर होता, आणि तटाला चार वर्षं कुलूप होतं.

माझा नवरा विलास कुलथे गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा. गावात त्याला सगळे सर म्हणत, मीसुद्धा चिडले की सरच म्हणायची. जिओकॅशिंग नावाचा खेळ त्याने वेळनेरात आणला. एक डबा कुठेतरी लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश आणि एखादी खूण इंटरनेटवर टाकायची, लोकांनी शोधत यायचं, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवायचा. गावाने त्याला सरळ ‘डबा’ म्हणायला सुरुवात केली. सरांच्या प्रत्येक डब्यात त्या जागेच्या इतिहासाचा एक कागद असे. बारवेतला डबा, तांबट आळीतला डबा, खालच्या वेशीच्या अडसराच्या भोकातला डबा. नागपूर-नाशिकहून माणसं यायची, आणि इथेच जन्मलेल्यांना त्यांच्याकडून कळायचं की आपण रोज कशावर पाय देऊन चालतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मग मुलं कमी झाली म्हणून हायस्कूल बंद झालं. विलासला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घरी बसावं लागलं. तो बोलायचा कमी झाला. डबे मात्र वाढले. शेवटच्या डब्याची खूण त्याने आठवडाभर आधीच टाकून ठेवली होती. त्याची ती पद्धतच होती, आधी खूण, मग डबा. ‘पूर्व वेशीच्या पायऱ्यांनी तटावर या. मारुती उजवा घालून सात चिरे मोजा. सातव्याच्या मागे पाहा.’

नऊ जानेवारीला सकाळी त्याने मला विचारलं, “तटावर येतेस का?”

मी म्हणाले, “मला कामं आहेत. तुमचे डबे तुम्हाला लखलाभ.” तो चपला घालून दारात उभाच राहिला. मला वाचनालय उघडायचं होतं. मी म्हणाले, “जा ना. तुमच्यावाचून इथे कुणाचं काय अडलंय?”

हे वाक्य आपल्याकडे घरोघर दिवसातून दोनदा म्हटलं जातं. मीही आधी शंभरदा म्हटलं असेल. त्या दिवशी साडेअकराला खंदकात शेळ्या चारणाऱ्या बाईला तो तटाखाली पडलेला दिसला. पोलिसांनी अपघाती मृत्यू अशी नोंद केली. त्याच्याजवळ डबा नव्हता.

तो डबा वर लपवला गेला असेल, तर माणूस खेळाच्या कामाला गेला होता आणि परतताना पाय घसरला. लपवला गेला नसेल, तर तो डबा ठेवायला गेलाच नव्हता. घरात डबा राहिलेला मी पाहिला नाही, पण त्या दिवशी घरात पन्नास माणसं होती आणि मी काहीच पाहत नव्हते. तेराव्यानंतर दोन दिवसांनी, तेवीस जानेवारीला, तट धोकादायक आहे म्हणून वेशीच्या पायऱ्यांना जाळी आणि कुलूप लागलं. म्हणजे उत्तर वर होतं आणि मी खाली.

मला या चार वर्षांत फारसं काही वाटलं नाही. लोक म्हणायचे, रोहिणीताई खंबीर आहेत. खंबीर कसली, दाढ काढताना सुई देतात ना, तेवढी बधिर झाले होते आणि ती उतरतच नव्हती. भात शिजायचा, मी जेवायची. ऋतुजा रविवारी फोन करायची, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, चार मिनिटं. तिला मी त्या वाक्याबद्दल त्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “आई, असं कुणी मनावर घेत नाही.” आणि उठून आतल्या खोलीत गेली होती. त्यानंतर तिने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. ती मला दोष देते हे मी धरून चालले. तिचं चुकतंय असंही मला वाटलं नाही.

कवडसे गावोगाव वाटले जायला लागले तेव्हा वेळनेरचं नाव यादीत तीनदा मागे पडलं. “पुढच्या वर्षी बघू,” ऋतुजा म्हणायची. शेवटी पुरातत्त्ववाल्यांनीच तटाच्या चिऱ्यांच्या तारखांची नोंदणी लावली, कुलूप निघालं, आणि डबे शोधणाऱ्यांच्या डबेकरी मंडळाच्या शकुरभाई तांबोळींनी पहिलं यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

“वहिनी, वर पहिल्यांदा तुम्हीच जायचं. बाकी कुणाला मी पायरी चढू देणार नाही.”

शकुरभाईंचं वेशीजवळ पानाचं दुकान. विलासचा पहिला डबा त्यांच्या दुकानाच्या फळीमागे होता. मी म्हणाले, “मला जायचंच आहे असं नाही.”

“मला माहीत आहे. म्हणून तर यंत्र इथे आणलं. घरी आणलं असतं तर तुम्ही दार उघडलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही निघालो. शकुरभाईंचा गुडघा विसाव्या पायरीला संपला. “मी इथंच बसतो. तारीख आली की तिथूनच सांगा.”

तटाच्या माथ्यावर दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट आहे. मध्येच मारुतीची घुमटी, कमरेइतकी. वाट तिच्यापाशी दुभंगते. उजवीकडून गेलं तर गाव दिसतं, डावीकडून गेलं तर खाली खंदक. दोन्ही कडांना चिऱ्यांची कठडेवजा रांग. ऊन होतं, वारा होता. मी खंदकाकडे पाहिलं. तिथे घाणेरीची झुडपं वाढली होती. मला काही झालं नाही.

आता ‘मारुती उजवा घालून’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ऋतुजाच्या वयाच्या मुलांना ते कळत नाही आणि विलास यावरून तिला नेहमी चिडवायचा. देव उजवा घालायचा म्हणजे आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, प्रदक्षिणेत ठेवतो तसा. म्हणजे आपण त्याच्या डावीकडच्या वाटेने जातो. लहानपणी ती हमखास उजवीकडे पळायची. “अगं, तू उजवीकडे गेलीस तर मारुती डावा पडला,” असं तो म्हणायचा आणि ती रडायला यायची.

मी डावीकडच्या वाटेने गेले. खंदकाच्या कडेचे चिरे मोजले. सातव्यावर एक जातं कोरलेलं होतं, झिजलेलं, पण जातंच. पट्टी सरकवली, झालर दाबली. मिनिटभर मी मारुतीच्या पाठीकडे बघत होते.

दोन जानेवारी.

त्याने खूण टाकली तो दिवस. म्हणजे तो आठवडाभर आधी येऊन जागा करून गेला होता. त्यानंतर या चिऱ्याला कुणी हात लावला नव्हता. चिरा सैल होता, मी तो ओढला. मागे वीतभर पोकळी, पुसून स्वच्छ केलेली. रिकामी.

हातच्या काकणाला आरसा कशाला. दोन तारखेला ज्या माणसाला इथे डबा ठेवायचा होता तो नऊ तारखेला इथे डब्याशिवाय आला होता. मधल्या दिवसांत काय झालं ते मला ठाऊक नाही. नऊ तारखेच्या सकाळी मी काय बोलले ते ठाऊक आहे. मी वाट पाहिली, आता काहीतरी होईल, पाय लटपटतील, ओरडावंसं वाटेल. काही झालं नाही. चिरा हातात जड लागत होता एवढंच.

“वहिनी,” खालून हाक आली. “मिळालं का?”

“बघतेय.”

परत फिरताना मी मारुतीच्या दुसऱ्या अंगाने आले. ठरवून नाही, त्या बाजूला सावली होती म्हणून. आणि त्या बाजूचा सातवा चिरा मला दिसला. त्याच्या फटीत मळलेला चुना भरला होता, बाकीच्या चिऱ्यांपेक्षा पांढरा. घरी कुंड्यांना लावायला आणतो तसला. मी पट्टी सरकवली. जायला वेळ लागला.

बावीस जानेवारी.

बावीस जानेवारीला विलासला जाऊन तेरा दिवस झाले होते. मी चिरा काढला. मागे डबा होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. झाकणावर मंडळाची चिठ्ठी, त्याने स्वतः चिकटवलेली. आत वही आणि इतिहासाचा कागद. कागदावर त्याचं अक्षर: ‘तटाचा हा भाग पुरुष मोहिमेवर असताना गावातल्या बायकांनी एका पावसाळ्याआधी बांधून काढला, असं सांगतात. म्हणून चिऱ्यांवर गवंड्याच्या खुणा नाहीत. जातं, फणी, बांगडी, रवी आहे. मोजून पाहा, किती घरं होती.’ मी कागद उलटून पाहिला. माझ्यासाठी काही नव्हतं.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती, ‘९ जानेवारी’, निळ्या शाईने. विलास वहीत कधी इंग्रजी महिना घालायचा नाही. पौष शुद्ध अमुक, असंच लिहायचा. आणि हे अक्षर त्याच्यासारखं काढलेलं होतं, पण वेलांटीचं शेपूट आत वळलं होतं. ते शेपूट मी पहिलीच्या पाटीपासून ओळखते. ते सरळ करायला मी तिला वर्षभर ओरडले होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजा एकटी बाहेर गेली होती, पाठीला सॅक लावून. परत आली तेव्हा नखांत पांढरं होतं. मी विचारलं नाही. मी तेव्हा काहीच विचारत नव्हते.

म्हणजे डबा घरात राहिला होता. त्या पन्नास माणसांच्या गर्दीत तो तिला सापडला. त्याचा अर्थ तिला तिथल्या तिथे कळला, आणि तो मला कळू नये म्हणून तिने तेरा दिवस डबा लपवला. मग बापाच्या शेवटच्या खुणेवरून तो मला सापडेल असा ठेवून आली. आणि चुकून मारुती डावा घातला. दुसऱ्या दिवशी जाळी लागली, आणि तिचं ते खोटं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. चार वर्षं ती ते एकटी घेऊन बसली होती. दर रविवारी, चार मिनिटं. ती माझ्याकडे पाहत नव्हती ते याच्यामुळे, आणि मी समजत होते, ती मला दोष देते.

तिला तेव्हा चोविसावं लागलं होतं. मला वाईट वाटलं. चार वर्षांत मला पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि ते विलाससाठी नव्हतं, याची मला थोडी लाजही वाटली.

कवडशाच्या पडद्यावर खाली दोन चौकोन होते, ‘नोंदवा’ आणि ‘रद्द करा’. मी रद्द केलं. मग दोन्ही चिरे वाटेच्या मधोमध आणले, आतली बाजू वर करून उन्हात ठेवले. घड्याळात पाहून अर्धा तास. मारुतीच्या पायरीवर बसून राहिले. खाली शकुरभाई कुणाला तरी ‘थांब, आत्ता नाही’ म्हणत होते.

अर्ध्या तासाने मी उजव्या बाजूचा चिरा परत बसवला. डबा डावीकडच्या पोकळीपुढे ठेवून मंडळासाठी फोटो काढला. यंत्रात ‘हाताने नोंद’ अशी एक सोय आहे, पडदा नीट दिसला नाही तर वापरायची. तिथे मी तारीख भरली.

“शकुरभाई!” मी कठड्यावरून वाकून ओरडले. “डबा मिळाला. नऊ जानेवारी.”

ते पायरीवरून उठले. दोन्ही हात वर गेले, मग तेच हात तोंडावर आले. “मी म्हणत होतो! सगळ्यांना म्हणत होतो! सर तसे नव्हते, वहिनी.”

“नव्हते,” मी म्हणाले.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला. बुधवार होता. ऋतुजा बुधवारी फोन करत नाही.

“आई, वेळनेरची पहिली नोंद इथे प्रयोगशाळेत दिसली आत्ता. हाताने केलेली आहे.”

“हो. पडद्यावर ऊन पडलं होतं.”

“काय दिसलं तुला?”

“लिहिलंय ना. नऊ जानेवारी.”

तिच्या मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. दार लागल्याचा आवाज आला.

“आई, कवडसा एका दिवसापेक्षा जास्त चुकत नाही.”

“ठाऊक आहे. चार वेळा समजावलं आहेस.”

“परत एकदा वाचशील?”

“आता काय वाचणार? चिरे अर्धा तास उन्हात पडले होते. तूच सांगितलंस, ऊन लागलं की जुनं पुसलं.”

“चिरे?” ती म्हणाली. “एकच असेल ना?”

“दोन.”

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. “आई, तो डबा मी...”

“ऋतुजा, पुढचं बोलू नकोस. बोललीस तर मला ऐकावं लागेल. बाबा डबा ठेवायला गेले होते. ठेवला, आणि परत येताना पाय घसरला. शकुरभाईंना सांगून झालंय. संध्याकाळपर्यंत गावभर होईल.”

“तुला सगळं कळलंय.”

“मी ग्रंथपाल आहे गं. अक्षर ओळखते.”

ती रडायला लागली. बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, पोरीने घर सावरलं म्हणून. आता लहान मूल रडतं तशी, नाक ओढत, मध्येच थांबून पुन्हा नव्याने रडत होती. गप्प हो म्हणावं असं वाटलं नाही. खालून शकुरभाई विचारत होते, चहा वर पाठवू का. मी त्यांना हाताने थांबायला सांगितलं आणि फोन कानाला धरून बसून राहिले. तिचं होईपर्यंत आपण ठेवायचा नाही, एवढंच ठरवलं. बराच वेळ लागला.